सिस्टर नोरांनी इराला वाचायला शिकवलं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी मूळची नागपूरची, डॉक्टर आहे. मेंदूचा स्कॅन बघून हा पेशंट काय करू शकेल आणि काय नाही, हे सांगायची मला सवय आहे. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं...

आम्ही आयर्लंडमध्ये मलिंगारला राहतो. गावाबाहेर वृद्ध नन्ससाठी एक होम आहे, तिथे मी शनिवारी तपासायला जाते. यातल्या बऱ्याच जणी तरुणपणी बोटीने अमेरिकेला गेलेल्या. तिकडच्या मोठ्या शहरांतल्या चर्चच्या शाळा अशाच नन्सनी चालवल्या. वर्गात पोलिश, इटालियन, मेक्सिकन पोरं, घरी इंग्लिशचा पत्ता नाही, आणि त्यांना वाचायला शिकवणार या कोवळ्या आयरिश मुली. सिस्टर नोरा त्यांच्यातल्याच. जन्मभर शिकागोत पहिलीचा वर्ग घेतला, म्हातारपणी परत आल्या. मग स्ट्रोक झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. स्कॅन मी स्वतः पाहिलाय — बोलणं शक्यच नव्हतं.

माझी मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं उलटी दिसायची, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं.

एका शनिवारी तिला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून सोबत नेलं. हातात गोष्टीचं पुस्तक देऊन सिस्टर नोरांशेजारी बसवलं. राउंड संपवून आले, तर इरा वाचत होती! अडखळत, प्रत्येक अक्षरावर बोटाने टकटक करत.

"हे कोणी शिकवलं?"

इरा इंग्लिशमध्येच उत्तरं देते, मी मराठीत लिहितेय. "सिस्टरने. म्हणाली, शब्दावर टकटक कर, तो दार उघडतो."

नर्स हसली. "पोर गोड आहे तुमची, डॉक्टर. पण सिस्टर इथे आल्यापासून एक शब्द बोललेल्या नाहीत."

मला वाटलं, डाव्या हाताने टकटक करून दाखवली असेल, बाकीचं इराने मनाने जोडलं. पण तिला दर शनिवारी यायचंच असायचं. मीही नेत राहिले.

हिवाळ्यात सिस्टर गेल्या. अंत्यविधीला शिकागोहून त्यांचे एक जुने विद्यार्थी आले होते, सत्तरीचे, पोलिश आडनावाचे. चहाच्या वेळी इरा बिस्किटांच्या डब्यावरचं टकटक करत वाचत होती. ही टकटक ओळखीची असल्यासारखे ते बघतच राहिले. मग तिच्यासमोर वाकून विचारलं, "चुकलं की सिस्टर काय म्हणायच्या?"

"घाई नाही, आपली घंटा बिघडलीय."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या वर्गाची घंटा खरंच बिघडलेली होती. जो अडखळायचा, त्याला त्या हेच सांगायच्या. मी अडखळायचो. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही."

टकटक हाताने दाखवता येते. पण हे वाक्य? मी स्कॅन पुन्हा काढून बघितला, सहकाऱ्याला दाखवला. त्यानेही मान हलवली — अशक्य.

त्या दिवशी अंत्यविधीहून परत येताना गाडीत मी इराला विचारलं होतं, "बोलताना सिस्टरचे ओठ हलायचे का गं?"

तिने गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केली.

"माहीत नाही, आई. मी पुस्तकात बघत होते ना."