सांडगे घालणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर दर रविवारी सांडगे घालत. डाळीचे नव्हे, प्लास्टरचे. जामखेडच्या आमच्या लहानशा दवाखान्याच्या ओट्यावर काच मांडायची, पांढरा लगदा कालवायचा आणि हरभऱ्याएवढे थेंब ओळीने टाकत जायचे. वाळले की ते भट्टीत तापवून डबीत भरत. किडलेलं हाड खरवडून काढल्यावर जी पोकळी उरते, तिच्यात हे सांडगे घालत. ‘सांडगे डॉक्टर’ हे नाव मीच पाडलं होतं, आणि मी ते तोंडावर म्हटलेलं त्यांना चाले.

“सिस्टर, हे नुसते राखणदार,” ते म्हणत. “हाड येईस्तोवर जागा धरायची, मग विरघळून जायचं.” हे मी कितीदा तरी ऐकलं, कारण त्यांना ऐकवायला दुसरं कुणी नव्हतं. बाईसाहेब मुलांच्या शाळेसाठी पुण्यात राहत. डॉक्टर जेवताना रेडिओ लावत आणि बातम्या संपल्या तरी बंद करत नसत.

दुष्काळात त्यांनी खर्ड्याच्या राहीच्या नडगीत सांडगे भरले. पोर विशीतली. पाय अधू झाला तर सासरचे तिला नांदवणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “ओझं उचलायचं नाही आणि फोटो काढायला परत यायचं,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती आलीच नाही. दुष्काळी कामावर खडीची घमेली वाहते, असं कानावर आलं आणि डॉक्टरांचं जेवणावरून मन उडालं. पोकळी भरायच्या आत भार पडला तर हाड मोडणार. खर्ड्याकडच्या प्रत्येक माणसाला ते विचारत, “आमची राही कशी चालते?” मला त्यांची कीव येई आणि राहीचा रागही.

शेवटी बापच तिला घेऊन आला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. सांडग्यांचे पांढरे ठिपके नाहीसे झाले होते आणि त्या जागी हाड भरत आलं होतं. डॉक्टरांनी तो मलाही दाखवला. बापाचा चेहरा मात्र उतरला.

“सायेब, तुमचं औषद तर समदं इरघळून गेलं की,” तो म्हणाला. “परत भरा.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. बापाला ते हसणं रुचलं नाही. औषध भरून देत नाहीत म्हणून धुसफुसतच तो पोरीला घेऊन गेला.

पुढच्या वर्षी डॉक्टर पुण्याला निघाले. मुलं आपल्याला पाहुणा समजायला लागली, असं म्हणाले. नगरच्या गाडीवर पोचवायला स्टँडवर मी एकटीच होते. ते सारखे रस्त्याकडे बघत होते.

“गावात कळलं नसेल,” मी म्हटलं.

“कळलंय. पण बरी झालेली माणसं कशाला येतील, सिस्टर?” ते म्हणाले आणि ट्रंक टपावर चढवायला सांगून आत बसले.

मी आले होते. गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते. त्या दवाखान्यात परत कसं जायचं, ते मला कळत नव्हतं.