पाव्हण्यांनी पुसलेली ओळ

“हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारावं लागेल,” असं सांगून जावई खुर्चीतून उठले. डॉक्टर पेशंट गेल्याचं सांगतात तसा चेहरा केला होता. डॉक्टर निदान नाडी तरी बघतात.

हा निपाणीतला एक छापखाना. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. उठले ते त्यांचे जावई, घरचे पाव्हणे, बेंगळुरात नोकरीला असतात. मी बेळगावची, तीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि आप्पांचं हे मशीन मीच बसवलेलं. फोन आला म्हणून सकाळची बस धरून आले, तर दाराजवळच्या स्टुलावर सुमनआक्का डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. बावीस वर्षं ती इथं ऑपरेटर आहे. सोमवारपासून येऊ नको, असं तिला सांगून झालं होतं. गुन्हा काय, तर तिनं मशीन बिघडवलं. उचगावकडच्या एका शाळेची स्मरणिका चार दिवसांत द्यायची होती, दोनशे पानं तिनं टाइप केली होती, आणि त्यातलं एकही पान उघडत नव्हतं.

“मी कशाला हात लावलो न्हाय, म्याडम,” ती म्हणाली. एवढंच. रडून आधीच झालं होतं तिचं.

“त्या मशीनवर दुसरं कोण बसतंय?” आप्पांनी मला विचारलं. मला कसं माहीत असणार? मी बेळगावात राहते.

आता मशीनचं सांगते. त्यात दोन विंडोज आहेत. जुन्यात आप्पांचं जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर चालतं, ते नव्यात चालत नाही. नव्यात कन्नड कामं होतात. मशीन चालू केलं की पडद्यावर दोन ओळी येतात, कुठल्यात जायचं ते विचारायला. याला बूट मेनू म्हणतात. बस स्टँडवरच्या पाटीसारखंच, पाटी बघायची आणि आपली गाडी धरायची. आप्पांना कळावं म्हणून एका ओळीला मीच MARATHI नाव दिलं होतं, दुसरीला KANNADA. निवडायला तीस सेकंद मिळायची.

मी मशीन बंद करून परत चालू केलं. मेनू आलाच नाही. थेट नवी विंडोज उघडली. जुन्या विंडोजचा ड्राइव्ह समोर धडधाकट दिसत होता, फायली जागच्या जागी. फक्त त्या नव्यात उघडल्या की अक्षरांची भेळ दिसत होती. दिसणारच. त्यांचं सॉफ्टवेअर पलीकडं होतं आणि पलीकडं जायची ओळच कुणीतरी काढली होती. आणि म्हणे हार्ड डिस्क गेली! मेलेल्या डिस्कवर नवी विंडोज नाचते आहे, हे बेंगळुरात मोठ्या कंपनीत बसणाऱ्या माणसाला दिसू नये?

हे काम आक्काचं नाही, हे मला तेव्हाच कळलं. ती आल्यापासून एकच करते, मेनूत MARATHI निवडते आणि टाइप करत बसते. पण कुणी केलं हे विचारून या घरात उत्तर मिळणार नव्हतं. आमच्याकडं जावयाच्या ताटात मीठ जास्त पडलं तरी तो गोड मानून घेतो असं सांगतात, आणि जावयानं चूक केली तर सगळं घर ती गोड मानून घेतं. म्हणून मी विचारलं नाही. कौतुक केलं.

“मशीन लई लवकर चालू होतंय की आता,” मी म्हटलं.

जावई फुलले. “मीच केलं ते. रविवारी आलतो तेव्हा. तो मेनू उगाच तीस सेकंद खात होता. टाइम झिरो केला आणि जुनी एंट्री डिलीट मारली. उद्या सरकारी ऑफिसची साहेब मंडळी कन्नड छपाईचं काम द्यायचं का ते बघायला येणार, त्यांच्यासमोर पहिली ओळ मराठी? बरं दिसत नाही ते.”

आप्पा पंख्याकडं बघायला लागले. आक्का माझ्याकडं बघत होती. तिला रविवारचं ठाऊक होतं. सांगितलं का नाहीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “पाव्हण्याचं नाव मी घ्यायचं व्हय?”

मी आक्काला खुर्चीवर बसवलं आणि कमांड प्रॉम्प्ट उघडला. ती काळी खिडकी, जिच्यात माउस चालत नाही, हुकूम टाइप करायचा. बूट मेनू दुरुस्त करायच्या हुकुमाचं नाव बीसीडीएडिट. आधी आहे त्या मेनूची एक कॉपी वेगळी ठेवली. हे पहिल्यांदा करायचं असतं, आणि शहाणी माणसं नेमकं हेच करत नाहीत. मग नव्या विंडोजच्या ओळीची नक्कल काढून तिला MARATHI नाव दिलं. मशीननं त्या नकलेला एक नंबर दिला. बत्तीस अक्षरं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची खिचडी. पुढच्या दोन हुकुमांत तो जसाच्या तसा लागतो, म्हणजे ही ओळ जुन्या ड्राइव्हकडं वळवता येते.

“तुम्ही नंबर वाचा,” मी जावयांना म्हटलं. “आक्का टाइप करेल.”

कॉपी-पेस्ट करता आलं असतं. मी सांगितलं नाही. बेंगळूरच्या साहेबांनाही सुचलं नाही.

त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी मध्येच चुकले, तर आक्का पडद्याकडं न बघताच म्हणाली, “आधी बी म्हटला होता, आता डी म्हणताय.” ‘बी’च होतं. पाचव्या हुकुमानं तीस सेकंद परत दिले. मशीन बंद करून चालू केलं. दोन ओळी आल्या. आक्कानं MARATHI निवडलं, स्मरणिका उघडली, आणि पहिल्या पानावरचा हेडमास्तरांचा फोटो सगळ्यांकडं बघून हसला. वीस मिनिटांचं काम.

“चला, झालं,” आप्पा म्हणाले. “आक्का, सोमवारी जरा लवकर ये गं.”

“मला सगळ्यांसमोर बोलला होता, आप्पा.”

“जावई हाईत. समजून घे की.”

आक्कानं मान हलवली. पाचही हुकूम तिनं आपल्या वहीत लिहून घेतले, प्रत्येकापुढं तो काय करतो हेही मला विचारून लिहिलं. साहेब मंडळी दुसऱ्या दिवशी आली, चहा प्याली, छपाईचे नमुने बघितले आणि गेली. कॉम्प्युटरकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. आक्कानं स्मरणिका वेळेत पुरी केली, शेवटचं पान छापून आलेलं बघितलं, डब्याची पिशवी उचलली आणि परत गेली नाही. आता घरीच टाइपिंग घेते. हात रिकामे नसतात तिचे.

दिवाळीला पाव्हणे आले आणि मशीन परत “फास्ट” करून गेले. आप्पांचा मला फोन आला, मी संकेश्वरला कामात होते, येता येणार नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी आक्काला फोन केला, वहीतल्या त्या पाच ओळी वाचून दाखव म्हणून. आक्का म्हणाली, “पाव्हण्यास्नी विचारा.”

धडा एवढाच, की काही डिलीट करण्याआधी कॉपी काढून ठेवावी. बूट मेनूची एका हुकुमात निघते. बावीस वर्षं काम केलेल्या ऑपरेटरची अजून तरी निघत नाही.