हिरालालशेठच्या जळवा

हिरालालशेठसारखा दुकानदार शेजारी असला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, भिंतीपलीकडून आपोआप येऊन साठतात. हा मात्र गिरणीत आला. घोडेगावातल्या गिरणीत मी दळण घेऊन उभी, मागून कुणीतरी म्हणालं, "हिरालालशेठचा पाय काप..." आणि गिरणी सुरू झाली. पुढचं काही ऐकू येईना.

दळण तिथंच टाकून शेठच्या घरी गेले. त्यांच्या बायको, विमलवहिनी म्हणाल्या, "पुण्याचे डॉक्टर म्हणतात, जखम भरली न्हाई तर पाय काढावा लागंल. म्हणून इथल्या आयुर्वेदवाल्या डॉक्टरांकडं जळवा लावतोय." साखरेचा आजार, आणि शेठच्या गल्ल्याखाली बर्फीचा डबा!

*

दवाखान्यात प्रत्येक पेशंटच्या जळवा वेगळ्या, एकाच्या दुसऱ्याला लावत नाहीत. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यातून आणलेल्या जळवांच्या बरणीवर शेठनी स्वतःचं नाव वाचलं आणि त्यांचा जीवच जडला. रोज जाऊन विचारपूस. स्वतःची गोळी घेतली का, हे मात्र वहिनींनी विचारायचं.

*

एकदा डॉक्टरांनी संध्याकाळी सातला बोलावलं. शेठ जाईनात.

"दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. मग त्यांना कसं जेवू घालू?"

मी म्हटलं, "शेठ, जळवा काय जैन आहेत का?"

"माझ्या घरचं खात्यात ना, ताई?"

डॉक्टरांनी वेळ बदलली. करतात काय बिचारे.

*

पोट भरलं की जळूच्या तोंडाला हळद लावून प्यालेलं रक्त ओकायला लावतात, नाहीतर ती मरते. शेठ तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे. "पंगतीतून उठवल्यावानी वाटतं राव!" पाय कुणाचा चाललाय, ह्याचं भान आम्हीच ठेवायचं.

*

जखम भरत आली, पण करंगळी काळी पडली. तिथं जळू ठेवली की ती तोंड फिरवायची आणि सरकून दुसरीकडं चावायची. डॉक्टर गंभीर झाले. "ह्या बोटात रक्तच येत नाही. उद्याच पुण्याला जा, नाहीतर पाय जाईल."

शेठ पडल्या चेहऱ्यानं म्हणाले, "घरच्यांनीच ताट सारलं."

*

शेठ पुण्याहून परतायच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याच ओट्यावर. जीपमधून आधी एक पाय खाली आला. मी उठून उभी राहिले. मग दुसरा आला, बँडेजमध्ये, पण अख्खा. करंगळी तेवढी गेली होती.

वहिनी रडताही होत्या, हसतही होत्या. मी म्हटलं, "सुटलात शेठ."

शेठ माझ्याकडं बघेनात. ते पुण्यात असताना इथल्या डॉक्टरांनी बरणी नेऊन डिंभ्याच्या पाण्यात रिकामी केली, हे जीपवाल्यानं वाटेत सांगितलं होतं.

"मला इचारलंसुद्धा न्हाई," शेठ म्हणाले. "ताई, दवाखान्यात जाऊन एवढं इचारून या. उपाशीपोटी तर सोडल्या न्हाईत ना?"