बुधवारचे तपकिरी रंग

असे किस्से ठरवून जमत नाहीत. ओव्हरकोटाच्या खिशात बसची तिकिटं साचतात तसे साचतात, आणि कधीतरी हात घातला की सगळे एकदम बाहेर येतात. माझे सगळे बुधवारचे आहेत. ऐंशीच्या दशकात लीड्सच्या एका लायब्ररीत दर बुधवारी संध्याकाळी ओनो सर जुन्या जपानवर क्लास घ्यायचे. माझ्या नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या स्टाफ नर्स सुशीलाताई जायच्या, म्हणून मीही जायची.

*

सर दिवे मालवून स्लाइड्स दाखवायचे. व्यापाऱ्यांकडे पैसा आला तशी सरकारनं फर्मानं काढली: रेशीम नको, भडक रंग नकोत. मग रंगाऱ्यांनी तपकिरीच्याच कितीतरी छटा काढल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. चहाचा तपकिरी, चिमणीचा तपकिरी... अंधारात ती नावं ऐकताना माझे डोळे आपोआप मिटायचे.

आमच्यातला कॉलिन रिटायर्ड पोस्टमन. कार्डिगन कायम एकच, तपकिरी. पुढच्या बुधवारी तो जरा ताठ बसला होता. म्हणाला, "चाळीस वर्षं बायको याला चिखल म्हणते. काल तिला सांगितलं, ही चिमणी आहे!"

*

माणसानं आपल्या पायरीनं राहावं आणि पायरी कपड्यावरून कळावी, म्हणजे कुणापुढे किती वाकायचं याचा घोळ नको, असं तिथले कन्फ्यूशियसचे पंडित सांगत. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी सुशीलाताई ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. फिकट निळा ड्रेस म्हणजे स्टाफ नर्स, गडद निळा म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर. गडद निळ्यासाठी त्यांनी दोनदा इंटरव्ह्यू दिला होता आणि दोन्ही वेळा त्यांनीच शिकवलेल्या मुली पुढे गेल्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचे पंडित आमच्या हॉस्पिटलात नोकरीला आहेत."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

एकदा सरांनी आपल्या पणजोबांचा कोट आणला. बाहेरून साधा, करडा, सुती. उलटा केला तर आत रेशमाचं अस्तर आणि त्यावर नदीत उतरलेला चंद्र.

मला शिवणाचा नाद. आठवड्याभरात मी माझ्या काळ्या कोटाला जुन्या पैठणीचं अस्तर लावलं आणि बसमध्ये सारखी बटणं उघडून बसायला लागले. शेवटी शेजारच्या म्हातारीनं मांडीवर हात ठेवला. "बटणं लाव गं बाई, सर्दी होईल."

*

तिसऱ्या इंटरव्ह्यूनंतर पंधरा दिवस ताई क्लासला आल्या नाहीत. फोन करून विचारायचं माझं धाडस झालं नाही. मग एका रविवारी दुपारी त्या पिशवी घेऊन घरी आल्या. आत घडी घातलेला गडद निळा ड्रेस. मला रडूच आलं.

ड्रेस चार बोटं लांब होता आणि दुसऱ्या दिवशी घालायचा होता. त्यांना स्टुलावर उभं करून मी टाचण्या लावल्या आणि खालची पट्टी कापायला कात्री उचलली. ताईंनी माझा हात धरला.

"कापू नका, वहिनी. आत दुमडा. गावात आमच्या जातीमुळे माझ्या आजीला नवं लुगडं आधी फाडून मगच नेसावं लागायचं."