खटावकरांचा एकच टेक

होळी होऊन आठवडा उलटला तरी विकास नगरातल्या खटावकरांच्या बैठकीत भिंतीवर रजया टांगलेल्या होत्या. दूध द्यायला आलेला भैया दारातूनच बघत राहिला. “आवाज घुमतो,” असं खटावकरांनी त्याला मराठीतच सांगितलं आणि दार लावून घेतलं. भैयाने पुढच्या घरी काय सांगितलं असेल, त्याची कल्पना केलेली बरी.

दत्तात्रय खटावकर सरकारी बँकेत अधिकारी. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, बदल्यांच्या वाऱ्यावर लखनौला येऊन पडलेले. या वयात शेजारपाजारचे लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. खटावकरांना मात्र सिनेमा करायचा नाद लागला. बघायचा नव्हे, करायचा. चेहऱ्याच्या एकाच बाजूवर उजेड पडला की माणूस विचार करतोय असं का वाटतं? रिकाम्या खोलीत बोललेलं विहिरीतून आल्यासारखं का ऐकू येतं? डबा खाता खाता ते असले प्रश्न विचारायचे आणि कॅशियर बिचारा भाजीकडे बघत बसायचा.

कॅमेरा म्हणजे त्यांचा रोजचाच फोन. त्याला एक तिवई घेतली आणि कॉलरला लावायचा माइक. बाकी सगळं घरातलं. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा पत्रा उजेड परतवायला. आवाज दबायला रजया. हलता शॉट घ्यायला सिलिंडरची ट्रॉली. पण ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अशी आपटली की चित्रात भूकंप झाला. तेव्हापासून खटावकर म्हणू लागले, की शांत कॅमेऱ्याची शान वेगळीच असते.

मराठी मंडळाने सभासदांकडून पाच मिनिटांच्या फिल्म मागवल्या, तेव्हा त्यांनी गोष्टही घरखर्चात बसेल अशीच शोधली. एक बाई, एक खिडकी, एक फोन. मुलगी दिवाळीला येणार नाही म्हणून फोन करते; आपल्याला ऐकू येतं ते फक्त आईचं बोलणं. मुलीचं काम करायला कुणी नकोच. आईचं काम करायला मात्र नंदाताई हव्या होत्या, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती.

नंदाताई साताऱ्याला कॉलेजात असताना एकांकिका गाजवायच्या. मग लग्न, बदल्या, लेकीच्या, पूर्वाच्या शाळा. गेल्या कित्येक वर्षांत त्या रंगमंचावर चढल्या त्या फक्त हळदीकुंकवाचं वाण द्यायला. त्यांनी महिनाभर टाळलं आणि मग एकदम हो म्हणाल्या.

“पण एकदाच करीन हं. एकदाच. माझ्यात ते अजून उरलंय का, एवढंच बघायचंय मला. नसलं तर पुन्हा या घरात तो विषय काढायचा नाही.”

खटावकरांनी मान डोलावली. 

रविवारी सकाळी मदतीला बँकेतला राजेश श्रीवास्तव आला. माणूस अस्सल लखनवी आणि कामाला चोख; खटावकरांचं मराठी ऐकून ऐकून त्याला समजायला लागलेलं. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद केला आणि परत चालू करायचं विसरू नये म्हणून खटावकरांनी राजेशच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. “चाबी घ्यायला उघडशील, तेव्हा आठवेल.” राजेश म्हणाला, “वाह सर, मतलब हमारी चाबी भी अब ठंडी चलेगी.”

मग खटावकरांनी कामं वाटून दिली, अगदी बँकेतल्यासारखी. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची असते. दोघांचा हात लागल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. “मी रेकॉर्डिंग सुरू करून थर्माकोल धरायला जाईन. तू मागून बघायचं आणि मंजूर करायचं.”

“जी सर.”

पूर्वेच्या खिडकीतून ऊन खुर्चीवर आलं. खटावकरांनी फोनच्या पडद्यावर बोट दाबून उजेड पक्का केला, लाल बटण दाबलं आणि थर्माकोल घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. राजेश पुढे झाला आणि त्याने मंजुरी दिली. म्हणजे तेच बटण पुन्हा दाबलं. ज्या शहरात ‘पहले आप’ म्हणत लोकांच्या गाड्या चुकतात म्हणे, तिथे त्या सकाळी दोघांनीही काम केलं.

नंदाताई बोलू लागल्या. “हो गं, कळलं… नाही, मी कुठं काय म्हणतेय…” थर्माकोल धरलेले खटावकर घाम पुसायचंही विसरले. शेवटी त्यांचा आवाज फुटला, “कट! वा!” राजेशने इमानेइतबारे बटण दाबलं आणि दोघे चहा टाकायला आत गेले.

चहा झाल्यावर फोन बघितला. एक चित्रण क्षणभराचं. त्यात नंदाताईंची पापणी लवते आणि संपतं. दुसरं लांबलचक, पण त्याची सुरुवातच “वा!” नंतरची.

“मगर हमने तो मंजूर किया था,” राजेश हळूच म्हणाला.

खटावकरांनी फोन पुन्हा पुन्हा चाळून बघितला. एकदाच, असं ती म्हणाली होती. ते एकदा होऊन गेलं होतं आणि ते कुणाकडेच नव्हतं. सवयीने त्यांनी दुसरं चित्रण पुढे चालू दिलं. त्यात दोघे पुरुष आत जातात. नंदाताई खुर्चीतच बसून राहतात. मग मान खाली घालून पुटपुटतात, “नाही, मी कुठं काय म्हणतेय.” पुन्हा तेच, जरा हसून. पुन्हा तेच, चिडून. शेवटी काहीच बोलत नाहीत; फोन नुसता उजव्या कानावरून डाव्या कानाला नेतात आणि थांबतात. खटावकरांनी फोन डोळ्यांजवळ ओढला. पडद्यावरच्या नंदाताई स्वतःशीच म्हणाल्या, “हां. हे.”

“काय चाललंय चोरून?” नंदाताई मागे उभ्या होत्या.

“अगं…” खटावकरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

नंदाताईंनी राजेशकडे बघितलं. राजेश रजईच्या नक्षीत अचानक रस घेऊ लागला.

“दाखवा.”

त्यांनी ते चित्रण उभ्याने बघितलं, मग बसून. “मी एवढी पुढे वाकते? कुबड काढल्यासारखी?” मग म्हणाल्या, “मघाशी जे केलं ना, ते खोटं होतं. आवाज लावला मी, स्टेजवर लावायचे तसा. हे बरोबर आहे. इथं आवाज नकोच. पुन्हा करू या.”

“तू तर एकदाच…”

“ते गेलं ना कुठेतरी. मग झालंच नाही ते.”

“पण ऊन सरकलं. खुर्ची अंधारात गेली.”

“मग खिडकीकडे पाठ करून बसते.”

“चेहरा काळा दिसेल. तसं घेत नाहीत.”

“का घेत नाहीत?”

का घेत नाहीत, हे खटावकरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. तिवई फिरवून त्यांनी पडद्यात बघितलं. उजळ खिडकीपुढे नंदाताईंची नुसती आकृती उरली होती. नाकाची कड, अंबाड्यातली एक सुटलेली बट. चेहरा दिसत नव्हता, म्हणून डोळे फोन धरलेल्या हाताकडेच जात होते.

“बघू तर,” ते म्हणाले. त्यांनी बटण दाबलं आणि लाल टिंब लुकलुकतंय ना, ते डोळे बारीक करून दोनदा पाहिलं.

आकृतीने फोन कानाला लावला.

“हॅलो,” नंदाताई म्हणाल्या आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या.