देव्हाऱ्यातलं पान

"माझी आई प्रेमाचा सागर आहे. ती रोज सकाळी लवकर उठते." ही दोन वाक्यं मी इतकी वर्षं तपासत आले आहे की आता ती मला झोपेतही लाल शाईत दिसतात. ज्या मुलीनं ती लिहिलेली असतात तिनं सागर पाहिलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर आईकडंही धड पाहिलेलं नसतं. तिनं पाहिलेलं असतं गाईड. आमच्या भागातल्या सगळ्या आया एकाच गाईडात राहतात. सगळ्या सुगरण, सगळ्यांचा आवाज गोड, आणि कांदे काढून भेगा पडलेला हात एकीचाही नाही.

मी नळदुर्गला राहते आणि अणदूरच्या पलीकडं एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी-सातवीचं मराठी माझ्याकडं. शनिवारी शाळा सकाळची असते, कवायत आटोपली की मुलांचं डोकं जरा थाऱ्यावर असतं. म्हणून शनिवारचा एक तास मी लिहिण्यासाठी मागून घेतला. मुख्याध्यापकांनी त्याला लगेच 'लेखन कार्यशाळा' असं नाव दिलं, कारण नाव असल्याशिवाय ग्रुपवर फोटो टाकता येत नाही. फोटो पडला, वरून चार अंगठे आले, आणि तिथून पुढं त्या तासाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या दृष्टीनं ते बरंच झालं.

माझी पद्धत साधी होती. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, एवढाच नियम. मग एकानं उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. वाचलेलं माणूस डोळ्यापुढं उभं राहिलं तर हात वर करायचा, नाही राहिलं तर नाही. खोटा हात वर केला तर मी लगेच विचारायची, "काय घातलं होतं त्यानं अंगात? सांग." मग हात खाली.

पावसाळा गेला, कुणाचा हात वर झाला नाही. मुलं प्रेमाचे सागर वाचत राहिली, बाकीची डोळे मिटून खुशाल डुलक्या काढत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी शनिवारच्या शनिवार ओतत होते. घरी जाताना एसटीत स्वतःलाच शिव्या द्यायची. कुणी सांगितल्या होत्या या नसत्या उचापती?

सातवीत एक मुलगी होती, धनगराच्या वस्तीवरची. तिचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आदल्या उन्हाळ्यात हायवे ओलांडताना टेम्पोनं त्यांना आणि काही मेंढरांना उडवलं. ती वर्गात भिंतीकडच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती आपणहून उभी राहिली आणि एक पान वाचायला लागली. तिनं लिहिलेलं मी पुढं कधी सुधारलं नाही, म्हणून ते मला जसंच्या तसं पाठ आहे.

"आण्णा येतो तवा आधी वास येतो. वल्ल्या घोंगड्याचा. मग कुत्रं येतं. मग आण्णा येतो. आण्णा दारात बसतो, घरात येत न्हाय. घोंगड्याच्या खोळीत कोकरू असलं तर आधी माझ्या मांडीवर ठिवतो, मग पाणी मागतो. आय पाणी देती तवा तो पाण्याकडं बघत न्हाय, मेंढराकडं बघतो. पायात काटा असला की पाय माझ्याकडं करतो. म्या सुईनं काढते. त्याला दुखतंय पण तो बोलत न्हाय, कोकराचा कान चोळत बसतो. काटा निघला की म्हणतो, बघू. आन् काटा तळहातावर घिऊन लई येळ बघतो, वळखीचा असल्यागत."

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सगळ्या वर्गाचे हात वर होते. मागच्या बाकावरचा एरवी जांभया देणारा पोरगाही हात वर धरून बसला होता आणि त्याला तो खाली घ्यायचं भान नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. नोकरीत इतक्या वर्षांत मला काही जमलं असेल तर ते त्या सकाळी जमलं, असं मला वाटलं.

ते पान तिनं घरी नेलं आणि आईला वाचून दाखवलं. आईला वाचता येत नाही. ती भाकरी थापत होती, ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग अमावास्येला आईनं ते पान घेतलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. गेलेल्या माणसाचा चांदीच्या पत्र्यावर टाक करून देवात बसवायची त्यांच्यात रीत आहे. वडिलांना वर्ष झालं नव्हतं म्हणून टाक अजून व्हायचा होता. त्याच्या जागी पान बसलं.

"मॅडम, आयनं पान देवात ठिवलंय," मुलीनं मला सांगितलं तेव्हा मी फुलून गेले. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. कुणाच्या विद्यार्थ्याचं लिखाण देव्हाऱ्यात गेलंय का कधी? मुख्याध्यापक म्हणाले, फोटो काढून आणा. मी नाही म्हटलं, तेवढी अक्कल मला होती.

मुलीला आता लिहायची ओढ लागली. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ घुटमळायची. पुढच्या वेळी तिनं आपल्या चुलत्यावर लिहिलं, भावाच्या मागं मेंढरं सांभाळणाऱ्या. चुलता मेंढरांना हाक मारतो ती अगदी आण्णासारखी, पण मेंढरं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात, असं काहीसं त्यात होतं. पुन्हा हात वर झाले. आणि त्याच आठवड्यात चुलत्याची मोटारसायकल खडीवरून घसरली आणि त्याचा पाय मोडला.

त्यानंतरच्या शनिवारी मुलगी आली, पण वही कोरी. "आय न्हाय म्हणली," एवढंच तिनं सांगितलं. मी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर वस्तीवर गेले.

आईनं घोंगडं अंथरलं, चहा टाकला. देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात होता. पान तिथंच होतं, भंडाऱ्यानं पिवळं पडलेलं. कुंकवाची बोटं वरच्या ओळींवर उमटली होती आणि दिव्याचं तेल लागून मधली अक्षरं पार फुटली होती. 'कुत्रं येतं' एवढंच काय ते वाचता येत होतं. मला आधी पानाचंच वाईट वाटलं, ते मी बोलूनही गेले.

"ताई, हे पुसून जाईल हो. प्लास्टिकच्या पिशवीत तरी घाला."

"देवाला कुणी पिशवीत घालतं का मॅडम?" ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात.

मग मी मुद्द्याला आले. रस्त्यावर खडी होती, गाडी घसरली, त्याचा आणि लिहिण्याचा काय संबंध, पोरीचा हात चांगला आहे, तिला अडवू नका, असं सगळं बोलले. मी बोलायला लागले की समोरच्याला बोलू देत नाही, असं घरचे म्हणतात. तिनं मला पुरतं बोलू दिलं. चहाची कपबशी माझ्यापुढं सारली आणि मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाव, तुमचं खरं आसंल. पण म्या बघितलंय. लेकीनं वाचलं आन् मालक हितं दारात यिऊन बसलं. वास आला मला घोंगड्याचा. जे गेलेल्याला माघारी आणतंय, ते जित्याला न्हेणार न्हाय कशावरून?"

ती चुलीतलं लाकूड पुढं सारत होती.

"तुमीच म्हणला व्हता म्हणं, माणूस डोळ्याफुडं उभा ऱ्हायला पायजे. ऱ्हायला की. आता फुडं काय करायचं ते बी सांगा."

याचं उत्तर डी.एड.मध्ये नव्हतं, एकाही प्रशिक्षणात नव्हतं. निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो असं शिकवतात. शेवट झाल्यावर ऐकणाऱ्या बाईनं त्या दाराकडं बघून उरलेले दिवस कसे काढायचे, हे कुणी शिकवत नाही. चहा गार झाला होता, तो तसाच पिऊन मी उठले. मुलगी फाट्यापर्यंत पोचवायला आली.

गोष्ट वस्तीवरून गावात यायला वेळ लागला नाही. शाळेतल्या मॅडम जित्या माणसांवर लिहायला लावतात. ज्याच्यावर लिहिलं त्याचं काय झालं, बघा की पायाला प्लास्टर घालून बसलाय. कुणी भांडायला आलं नाही. भांडायला आले असते तर मी दोन हात केले असते, ते मला जमतं. आया फक्त घरी पोरांना सांगत होत्या, आमच्यावर लिहू नको. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "शेळीवर लिहू का मॅडम?" पुढच्या शनिवारी म्हणाली, "शेळी बी नको म्हणली आजी. गाभण हाय." शेवटी मी सगळ्यांना गावातल्या पाण्याच्या टाकीवर लिहायला सांगितलं. टाकीबद्दल कुणाचीच हरकत नव्हती. वाचताना टाकी सगळ्यांच्या डोळ्यापुढं उभी राहिली, पण ती तशीही वर्गाच्या खिडकीतून दिसते.

मुख्याध्यापक म्हणाले, "बरं झालं, आता परीक्षेकडं बघा."

मी चिडले होते, ते खरं. अडाणीपणा, अंधश्रद्धा, हे शब्द माझ्याही तोंडात आले. पण माझे वडील लातूरला असतात, थकलेत. डिसेंबरात त्यांना भेटून आले आणि मला वाटलं, आपण तरी लिहावं. जे मुलांना सांगतो ते स्वतः करून बघावं. ते चष्मा कपाळावर ढकलून घरभर चष्मा शोधतात, सापडला की दुसऱ्याच कुणी लपवला होता अशा नजरेनं आमच्याकडं बघतात, एवढं लिहिलं. चांगलं उतरलं होतं, माणूस उभा राहिला. आणि माझा हात थांबला. मी ते पान फाडलं, वर आणखी बारीक तुकडे केले. मग लातूरला फोन लावला. ते जेवत होते, म्हणाले, "आत्ता कशाला केलास?" म्हटलं, सहजच. त्या दिवसापासून अंधश्रद्धा हा शब्द मी वर्गात वापरलेला नाही.

मग परीक्षा जवळ आली. शनिवारचा तास सरावाला गेला. पेपर वरून येतो, निबंधाचे विषय ठरलेले असतात. माझी आई, माझे वडील, पावसाळ्यातील एक दिवस. मी फळ्यावर तिन्ही लिहिले आणि सांगितलं, कुठलाही एक निवडा.

फेऱ्या मारताना तिच्या बाकापाशी थांबले. तिनं 'माझे वडील' घेतला होता. मला धास्ती वाटली आणि लगेच वेडी आशाही आली. वाकून पाहिलं. अक्षर नेहमीचंच, गोल आणि नीटस. माझे वडील रोज सकाळी नऊ वाजता ऑफिसला जातात. ते खूप शिस्तप्रिय आहेत. संध्याकाळी येताना ते आमच्यासाठी खाऊ आणतात. रविवारी ते आम्हाला बागेत फिरायला नेतात.

"हे कुणाचे वडील गं?" मी हळूच विचारलं.

"कुणाचेच न्हाईत, मॅडम," ती म्हणाली. "गाईडातले हायत. त्यांच्यावर लिहिलं तर कुणाला काय व्हत न्हाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं आपल्यापुरती वाट काढली होती, आणि ती मी बुजवणार होते कशाच्या जोरावर?

सगळ्यांचं लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "वाचू का?" बऱ्याच दिवसांनी विचारलं होतं, नाही कसं म्हणणार? ती उभी राहिली. मुलांनी सवयीनं डोळे मिटले. तिनं ऑफिस वाचलं, खाऊ वाचला, बाग वाचली. शेवटचं वाक्य होतं, असे आहेत माझे वडील, मला ते खूप आवडतात.

वाचून झाल्यावर ती खाली बसली नाही. मान उंचावून एकेका बाकाकडं बघत राहिली, भिंतीपासून दारापर्यंत आणि पुन्हा मागं. कुणाचाही हात वर नव्हता. तिची खात्री पटली तेव्हा तिनं श्वास सोडला, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा मला ती हसताना दिसली.

मी म्हटलं, "छान लिहिलंस. बस खाली."