साराबाईंच्या गळ्यातला भुंगा

"पहिलीतल्या पोरीला कळलं आन् नवऱ्याला न्हाई! वा, बाई, वा!"

"हळू बोला. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे की! बाजारात ती कडूबाई मला विचारते, 'जोएलभाऊ, बाईंची गाठ दाखवली का?' मी मेथीची जुडी हातात धरून उभा. येड्यावानी! कसली गाठ, कुनाची गाठ?"

"गाठ नाही ती. सूज आहे. खडूच्या धुळीनं येते."

"कोन म्हनलं?"

"मीच म्हणते."

"मंग दवाखाना काढ आता. बोर्ड मी रंगवून देतो."

एरवी साराबाई हसल्या असत्या. आज त्यांनी पदर गळ्याभोवती आणखी एक वेढा देऊन खोचला. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

"नगरच्या डॉक्टरकडं आजचा नंबर लावलाय," जोएल म्हणाला. "आज टेम्पोला दुसरं भाडंबी न्हाई घेतलं."

"दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

"सुट्टीपर्यंत ती गाठ थांबनार हाय का? तिला विचारलंस?"

"आईचं काय झालं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

जोएललाच काय, साऱ्या तिसगावाला ते ठाऊक होतं. साराबाईंची आई चर्चमध्ये गाणं उचलायची, की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारेसुद्धा ताठ बसायचे. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्यामागे आवाजही गेला. राहिली नुसती फुंकर. लोक आधी वाकून ऐकायचे, मग मान डोलवून पुढे जायला लागले. शेवटी शेवटी आईनं बोलणंच सोडलं होतं.

"मी येते," साराबाई पर्स उचलत म्हणाल्या. "शाळा भरेल."

"मी शाळेच्या फाटकाशी टेम्पो लावून बसतो. आलीस तर आलीस."

साराबाई तिसगावाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत पहिलीला शिकवतात, नोकरीला लागल्यापासून पहिलीच. वरचे वर्ग देऊ केले तरी नको म्हणाल्या. त्यांच्या वर्गात अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी. मुलं त्यांच्या ओठांकडे बघतात. स्वतःच्या तोंडापुढे तळवा धरून वारा लागतो का ते तपासतात आणि मग दोन बोटं गळ्यावर ठेवतात, आत भुंग्यासारखं गुणगुणतं का ते बघायला.

"त् म्हणा. गळा झोपलाय. आता द् म्हणा. उठला की नाही भुंगा?"

"उठलाऽऽ!"

राजेश्वरीचा भुंगा काही केल्या उठत नव्हता. कडूबाईची ही लेक 'दार'ला 'तार' वाचायची आणि स्वतःवरच चिडायची. गणपतीच्या सुट्टीआधीची गोष्ट. साराबाईंनी तिला जवळ घेतलं, तिची बोटं आपल्या गळ्यावर टेकवली आणि लांबलचक द् काढला. पोरीनं डोळे मिटले. चेहरा उजळला.

"बाई, कळला भुंगा! आन् त्याचं घरबी लागतंय हाताला. गोल हाय."

वर्ग खो खो हसला. साराबाईही हसल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी ऑफिसमधल्या आरशापुढे उभं राहून मान वर केली, तिथंच बोट ठेवलं. गोलच होतं. त्या दिवसापासून गळ्यावर पदर आला. कुणी मूल बोटं पुढे करू लागलं, की त्या मागं सरायच्या. "आपापल्या गळ्यावर ठेवा रे!"

आज त्यांनी फळ्यावर 'दगड' लिहिलं.

"वाचा बघू."

एरवी ओरडून ओरडून पत्रे हलवणारी पोरं ओठ घट्ट मिटून बसलेली. कल्याण खिडकीकडे बघत होता. राजेश्वरीनं मुठीत गळा धरला होता.

"राजेश्वरी, पहिला आवाज?"

तिनं मान हलवली.

"विसरलीस?"

"न्हाई. येतंय मला. पन म्हननार न्हाई."

"का गं?"

"द म्हनून म्हनूनच तुमाला झालं ना ते? कल्याण म्हनला. जितकं म्हनावं तितकं त्याचं घर मोठं हुतं."

कल्याण चटकन म्हणाला, "मी एकटा न्हाई, सगळेच म्हनत्यात!"

साराबाईंनी वर्गावर नजर फिरवली. प्रत्येकाचा हात गळ्यावर. कुणी चाचपत होतं, कुणी शेजाऱ्याला दाखवत होतं. ही भीती त्यांनी पदराखाली लपवली होती. तिथून ती कधी बाहेर पडली आणि बाकाबाकावर जाऊन बसली?

"अरे, आवाजानं नाही होत तसं काही."

"मंग कशानं हुतं?"

'खडूच्या धुळीनं' हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. उद्या एकाही पोरानं खडूला हात लावला नसता.

"डाक्टर काय म्हनला, बाई?" कल्याणनं विचारलं.

सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता, रोज आवाज शिकताना बघतो तसाच. त्या डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या, सांगायला काही नव्हतं. होती ती आईची फुंकर. त्यांना वाटलं, आत्ता बोलले तर तीच बाहेर पडेल.

त्यांनी शेजारच्या वर्गातल्या गहिनीनाथ सरांना खुणेनं बोलावलं. सर म्हणाले, "जा बाई, मी बघतो." उघडी पर्स तशीच त्यांनी काखेत मारली.

राजेश्वरी दारापर्यंत मागे आली.

"बाई, माघारी येनार ना तुमी?"

साराबाई मागे न बघता पायऱ्या उतरल्या आणि जोएलचा टेम्पो उभा होता त्या फाटकाकडे चालू लागल्या.